सँ-जॉर्ज बसवायचा तर सुरुवात सेकंड व्हायोलिनपासून

न्यू जर्सीतल्या एका शाळेत स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा शिकवणाऱ्या एका मराठी बाईंचा प्रश्न आहे. आठवी-नववीची २४ मुलं: ८ फर्स्ट व्हायोलिन, ८ सेकंड, ३ व्हायोला, ४ चेलो, १ बास. कार्यक्रमाला ८ आठवडे आहेत, आठवड्याला ४५ मिनिटांच्या दोन तालमी. हायडन-मोझार्टच्या काळातल्या, पण गोऱ्या नसलेल्या संगीतकाराचं काहीतरी घ्यायचं म्हणून त्यांनी शेव्हालिए द सँ-जॉर्जची जी मेजर सिंफनी आयएमएसएलपीवरून (हक्कमुक्त स्वरलिपींच्या संकेतस्थळावरून) उतरवली. मुलं एकेकटी वाजवतात तेव्हा बरं वाटतं, एकत्र बसली की दहाव्या बारच्या (मात्रांच्या ठरलेल्या गटाच्या) आत सगळं कोसळतं. त्या विचारतात, सोपं अरेंजमेंट घेऊ की मूळच रेटू? आणि हा माणूस कोण होता हे मुलांना कसं सांगू?

मूळ की अरेंजमेंट, हा प्रश्न मी जरा मागे ठेवते. एकेकट्याला येतं आणि एकत्र कोसळतं याचा अर्थ नोट्स अवघड नाहीत, लिखाणाची पद्धत मुलांना नवी आहे. शाळेच्या ऑर्केस्ट्रात साधारण दोन तऱ्हांचं संगीत वाजतं. एक विवाल्डीच्या वळणाचं बरोक, ज्यात बास सतत चालू असतो आणि त्याच्या पाठीवर बसून सगळे पुढे जातात. दुसरं खास शाळांसाठी लिहिलेलं आजचं संगीत, ज्यात प्रत्येकाला थोडी-थोडी चाल वाटून दिलेली असते. १७७०-८० च्या संगीतात दोन्ही नसतं. चाल फर्स्टकडे, सेकंड आणि व्हायोलाकडे बारामागून बार तेच ते एट्थ नोट्स (अर्ध्या मात्रेचे सूर, भारतात आपण ज्यांना क्वेव्हर म्हणतो ते), बासकडे अधूनमधून एखादा सूर आणि मध्येच सगळ्यांना एकदम विश्रांती. लपायला जागाच नाही. सेकंडची मुलं 'आपल्याला काही नाहीच' असं धरून चालतात, आणि गाडी तिथेच घसरते.

म्हणून पहिली तालीम फर्स्टना गप्प बसवून घ्या. सेकंड, व्हायोला, चेलो, बास एवढेच वाजवतील. फर्स्टनी आपल्या पार्टवर बोट ठेवून मनात म्हणायचं.

त्या सलग एट्थ नोट्सचं आता नीट पाहू. मुलं ते बोच्या मधल्या भागात, १५-२० सेंटिमीटर बो ओढून वाजवतात, कारण व्हायोलिन 'मोकळं' वाजवायला शिकवलेलं असतं. एवढा बो इकडून तिकडे नेताना उजवा हात मागे पडतो, म्हणून सुरुवातीला लय रेंगाळते. मग कुणीतरी नोट तोडून वाजवायला लागतं, मधला वेळ मोजला जात नाही आणि लय पळते. एकाच ओळीत काही मुलं रेंगाळतात, काही पळतात. त्यालाच आपण 'कोसळलं' म्हणतो. उपाय असा: बो तोलबिंदूच्या जरा वर, तारेवरच ठेवायचा, प्रत्येक नोटला जेमतेम ४-५ सेंटिमीटर. आधी उघड्या डी तारेवर, क्वार्टर नोटला (एका मात्रेला) ८० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा. उसळवायचा प्रयत्न मुळीच करायचा नाही. लय वाढत गेली की एवढ्या कमी बोमध्ये काडी आपोआप थोडी उचलली जाते, हवी तेवढीच उसळी मिळते. 'स्पिकाटो' (उसळता बो) हा शब्द मी या वयाच्या मुलांसमोर पहिले तीन आठवडे उच्चारत नाही. उच्चारला की सगळे बो हवेत.

लय बसली की वजन. चार मात्रांच्या बारमध्ये आठ एट्थ नोट्स असतील तर आठही सारखे वाजवायचे नाहीत. पहिल्याला वजन, पाचव्याला थोडं कमी, बाकीचे जवळजवळ कुजबुजल्यासारखे. हे बसवायला तीन फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीत प्रत्येक बारचा फक्त पहिला नोट वाजवायचा, बाकीचे सात बो न हलवता मनात. दुसरीत पहिला आणि पाचवा. तिसरीत सगळे, पण तो पहिला-पाचवा कानाला तसाच ऐकू यायला हवा. तबला ऐकलेल्या मुलांना 'ही सम, बाकीचा ठेका' एवढं सांगितलं तरी पुरतं. बाकीच्यांसाठी ताकादिमी आहेच. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत लय शिकवायला तेच बोल वापरतात. दक्षिणेतून गेलेले बोल न्यू जर्सीतून परत आपल्या कामाला येतात, याची मला नेहमी गंमत वाटते.

तिसरी अडचण मंद आवाजाची. या संगीतात फोर्टे (मोठा आवाज) आणि पियानो (मंद आवाज) शेजारी-शेजारी येतात, मधला चढ-उतार बहुधा लिहिलेलाच नसतो. पियानो आलं की मुलं लय सोडतात. मराठीत तर मंद आवाज आणि संथ लय या दोन्हीला आपण 'हळू'च म्हणतो, त्यामुळे मराठी घरातल्या मुलांचा घोटाळा दुप्पट. पियानो म्हणजे बो निम्मा करायचा आणि टोकाकडे सरकायचं, उजव्या हाताची गती तीच. फोर्टेत ८ सेंटिमीटर, पियानोत ४, असं आकड्यात सांगा. आकडा मुलांच्या लक्षात राहतो, 'नाजूक वाजवा' राहत नाही.

आता मूळ की अरेंजमेंट. ते तुमच्या फर्स्टवर अवलंबून आहे. आठांपैकी निदान चौघांची थर्ड पोझिशन (डावा हात वर सरकवून वाजवायची जागा) सुरात असेल तर मूळच घ्या. नसेल तर पार्टमध्ये थोडी दुरुस्ती करून मूळच घ्या. बाजारातली सोपी अरेंजमेंट्स मी सहसा टाळते, कारण त्यांत सोपं करताना बहुधा मधले पार्ट जाड केले जातात: व्हायोलाला चाल, सेकंडला चाल, सगळे सतत चालू. मुलं खूश होतात, पण त्या काळाची विरळ वीण जाते, आणि शिकवायची होती ती तीच.

दुरुस्ती कशी करायची? फर्स्टचा सूर हाताबाहेर वर जातो ती पूर्ण फ्रेज अर्ध्या मुलांना एक सप्तक खाली द्या, उरलेली अर्धी मूळ जागी. फ्रेजच्या मधूनच खाली उडी मारू नका; चालीचा कणा तिथेच मोडतो आणि ऐकणाऱ्याला ती चूक वाटते. खाली उतरवलेली ओळ सेकंडच्या ओळीत घुसत नाही ना, तेही पाहा. सोळाव्या नोट्सची (एट्थच्या निम्म्या वेळेच्या सुरांची) पुनरावृत्ती झेपत नसेल तर मागच्या बाकांवरच्या मुलांना त्याच सुराचे एट्थ नोट्स द्या. पुढचे चार स्वच्छ सोळावे वाजवत असले की प्रेक्षकांना फरक कळत नाही.

मूळ सिंफनीत तंतुवाद्यांबरोबर दोन ओबो आणि दोन हॉर्न आहेत. तुमच्याकडे ते नाहीत, पण बिघडत नाही. त्या काळी हे वादक बहुतेक वेळ लांब सूर धरून भराव देत किंवा चालीला जोड देत. मात्र स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) घेऊन एकदा पेन्सिलीने तपासा: तंतुवाद्यं थांबली आहेत आणि फक्त ओबो-हॉर्न वाजतायत अशी जागा सापडली तर ते सूर सेकंडच्या मागच्या दोन बाकांना लिहून द्या. हे आधी केलं नाही तर मुलं ती रिकामी जागा मोजताना चुकतात आणि पुढचा प्रवेश हुकतो. तुमची मुलं दहाव्या बारच्या आसपास पडतात ती यामुळे तर नाही ना, हेही बघा. व्हायोला तीनच आहेत, तर सेकंडमधला एक विद्यार्थी व्हायोलाच्या ओळीवर बसवा. जिथे ओळ व्हायोलिनच्या जी तारेखाली जात नाही तिथे ट्रेबल क्लेफमध्ये लिहून दिलेली 'थर्ड व्हायोलिन' चालते.

आयएमएसएलपीवरच्या जुन्या छापील पार्टबद्दल सावध राहा. अठराव्या शतकात सिंफनीचे स्कोअर बहुधा छापतच नसत, फक्त पार्ट. त्यामुळे एकाच फ्रेजचे स्लर (एका बोमध्ये जोडायच्या सुरांवरच्या कमानी) फर्स्टमध्ये एक आणि सेकंडमध्ये दुसरे, एकात पियानो आहे तर दुसऱ्यात नाही, बारचे आकडे नाहीत. काही जुन्या फ्रेंच छपाईत ट्रिलसाठी (दोन शेजारच्या सुरांच्या झपाट्याच्या आंदोलनासाठी) + अशी खूण असते. आजच्या मुलांना ती डाव्या हाताच्या पिझिकाटोची म्हणून माहीत, आणि ऐन चालीत कुणीतरी तार टिचकावतं. असे पार्ट मुलांसमोर ठेवण्यापूर्वी एक संध्याकाळ बसून बार क्रमांक घाला, स्लर एकसारखे करा, बोइंग (कुठे बो खाली, कुठे वर) लिहा. मूळ रचनेवर कुणाचा हक्क उरलेला नाही, पण आज कुणी तयार केलेल्या आवृत्तीवर असू शकतो. ती घेतलीत तर सेट विकत घ्या, झेरॉक्स काढू नका.

छोट्या आकाराचा जो नोट मुख्य नोटच्या आधी छापलेला असतो तो झटक्यात उरकायचा नाही. पुढे क्वार्टर नोट असेल तर बहुधा त्याचा निम्मा वेळ हा घेतो, मात्रेवरच येतो, जोर त्यावर आणि उतरताना मऊ. मुलांना 'आ-ह' असं म्हणायला लावा, 'आ' वर वजन. एका स्लरखालचे दोन-दोन नोट्सही असेच, पहिला भारी, दुसरा सोडून दिल्यासारखा. एवढं जमलं की ऑर्केस्ट्रा एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो. माझ्या मते सगळ्या कामात कमी कष्टात जास्त फळ देणारी गोष्ट हीच.

सिंफनीला पर्याय हवा असेल तर सँ-जॉर्जची ओपस १ ची सहा क्वार्टेट्स आहेत, १७७३ मध्ये पॅरिसला छापलेली, प्रत्येकी दोनच मुव्हमेंटची. पहिलं सी मेजरमध्ये आहे आणि त्याची दुसरी मुव्हमेंट रोंदो आहे. रोंदो या वयाला फार सोयीचा: पालुपद पुन्हा पुन्हा येतं, म्हणून निम्मं काम एकदाच करायचं. पालुपद सगळ्यांनी, मधली कडवी चार-सहा चांगल्या मुलांनी, असं वाटून द्या. चौथं क्वार्टेट सी मायनरमध्ये आहे. तीन फ्लॅटचे सूर या वयाच्या हाताला लागेपर्यंत कार्यक्रम उलटून जाईल. क्वार्टेट घेतलंत तर बासची ओळ तुम्हालाच लिहावी लागेल. चेलोचीच ओळ एक सप्तक खाली ऐकू येईल असं धरा, पण चेलो सोळाव्यांत धावत असेल तिथे बासला क्वार्टर द्या, चेलो वर जाऊन चाल वाजवत असेल तिथे बासला विश्रांती, आणि पियानोच्या ओळीत बहुधा बास नकोच.

पण सगळ्यात आधी, पहिल्या दोन आठवड्यांसाठी, इग्नेशियस सँचो घ्या असं मी सुचवेन. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला त्यांचं किराणा मालाचं दुकान होतं. चहा, साखर, तंबाखू विकायचे. १७७४ आणि १७८० च्या ब्रिटिश निवडणुकांत त्यांनी मतदान केलं. आफ्रिकन वंशाच्या माणसाने तिथे मत दिल्याच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक. त्यांनी नाचासाठी मिन्युएट, कोटिलियन आणि कंट्री डान्स लिहून छापले, आणि मुखपृष्ठावर नावाऐवजी 'एका आफ्रिकनाने रचलेले' एवढंच होतं. हे तुकडे छोटे आहेत, आठ-आठ बारच्या ओळी, वर चाल आणि खाली बास. मधले पार्ट नाहीत, ते तुम्ही लिहायचे. मिन्युएट असेल तर बास पहिल्या मात्रेवर, व्हायोला दुसऱ्या-तिसऱ्यावर कॉर्डमधला एकच सूर धरून, सेकंड चालीच्या खाली तिसऱ्या किंवा सहाव्या सुरावर. ओळीच्या शेवटच्या दोन बारमध्ये सेकंडला चालीमागे नेऊ नका. तिथे त्याला लीडिंग नोट (षड्जाच्या लगेच खालचा सूर) किंवा कॉर्डचा उरलेला सूर द्या, नाहीतर शेवट पोकळ वाटतो. नववीतल्या एखाद्या हुशार मुलाला व्हायोलाचा पार्ट लिहायला दिलात तरी चालेल. आठ बार आहेत, बिघडून किती बिघडेल!

मिन्युएट उभं राहून चालायला लावा. मिन्युएटचं एक पाऊल-चक्र सहा मात्रांचं, म्हणजे दोन बारचं असतं आणि त्यात चार पावलं येतात. एकदा चालून झालं की मुलं दर बारला डाउन-बो हाणायचं थांबवतात आणि दोन-दोन बारचा श्वास घ्यायला लागतात. मग तीच सवय घेऊन सँ-जॉर्जकडे या.

आणखी नावं तुमच्या वाचनात येतील. जॉर्ज ब्रिजटॉवर थोर व्हायोलिनवादक; बेथोव्हेनने २४ मे १८०३ ला व्हिएन्नात क्रॉयट्सर सोनाटा पहिल्यांदा वाजवला तो त्यांच्याबरोबर. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, पण स्टँडवर ठेवायला स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासाठी त्यांचं काही हाती लागत नाही. ब्राझीलच्या रिओतले फादर जोझे मौरिसियो नुनेस गार्सिया यांचं संगीत भरपूर आहे, पण मुख्यतः चर्चचं, गायकवृंदासह. तुमच्या शाळेत कॉयर असेल आणि तिथल्या शिक्षकांशी जमत असेल तर पुढच्या वर्षी विचार करा.

हा माणूस कोण, हे मुलांना कसं सांगायचं? जसं घडलं तसं, थोडक्यात, आणि एकाच दिवशी सगळं नाही. जोझेफ बोलोन्य, म्हणजेच शेव्हालिए द सँ-जॉर्ज, १७४५ मध्ये ग्वादलूप बेटावर जन्मले. वडील गोरे मळेवाले, आई नानोन त्याच मळ्यावर गुलाम. मुलगा फ्रान्समध्ये वाढला, तलवारबाजीत आधी गाजला, मग व्हायोलिनमध्ये. १७७३ पासून 'कोंसेर द आमातर' हा पॅरिसमधला नावाजलेला ऑर्केस्ट्रा तो चालवत होता. १७७६ मध्ये पॅरिस ऑपेराच्या प्रमुखपदासाठी नाव पुढे आलं, तेव्हा तिथल्या काही आघाडीच्या कलावतींनी राणीकडे अर्ज केला की मुलाटोच्या (मिश्र वंशाच्या माणसाच्या) हुकमाखाली काम करणं आमच्या अब्रूला शोभत नाही. ते पद त्यांना मिळालं नाही. पुढे पॅरिसच्या ऑलिंपिक लॉजच्या (फ्रीमेसन मंडळाच्या) ऑर्केस्ट्राने हायडनकडून क्रमांक ८२ ते ८७ या सहा सिंफनी लिहवून घेतल्या, आणि त्या कामात सँ-जॉर्जचा हात होता.

गुलामगिरीचा भाग मऊ करून सांगू नका. आठवीच्या मुलांना तो कळतो. तो तालमीत दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत सांगा, वाद्यं मांडीवर असताना. सांगताना वर्गातल्या एखाद्या आफ्रिकन अमेरिकन मुलाकडे वळून 'तुला काय वाटतं' असं विचारू नका. त्याला व्हायोलिन वाजवायचं आहे, साऱ्या समाजाच्या वतीने बोलायचं नाही. 'ब्लॅक मोझार्ट' हे लेबल कार्यक्रमपत्रिकेत घालू नका. सँ-जॉर्ज मोझार्टपेक्षा दहा वर्षांनी मोठे होते. कालिदासाला 'भारताचा शेक्सपिअर' म्हटलं की आपल्याला जसं खटकतं, तसंच हे. आणि त्यांना फक्त फेब्रुवारीत (अमेरिकेतल्या ब्लॅक हिस्टरी मंथमध्ये) वाजवायचा संगीतकार करू नका. तुमचा कार्यक्रम वसंतात आहे ते उत्तमच: पत्रिकेत सँ-जॉर्ज आणि हायडनची एखादी मुव्हमेंट शेजारी ठेवा, दोघांच्या नावापुढे फक्त वर्षं लिहा.

८ आठवड्यांची वाटणी साधारण अशी करा. पहिले दोन सँचो आणि उघड्या तारेवरचे एट्थ नोट्स. तिसरा-चौथा सिंफनीची पहिली मुव्हमेंट, पण फर्स्टशिवाय सुरुवात करून, लय ८४. पाचव्यात फर्स्ट आत, लय ९६. सहाव्यात मधली अँडान्ते. तिला जेमतेम एखादी तालीम देतात आणि मग ती बेसूर होते, म्हणून सहाव्यातल्या दोन्ही तालमी तिच्यासाठीच राखा. शेवटचे दोन आठवडे शेवटची मुव्हमेंट आणि जोडणी. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस फर्स्टशिवायची साथ ९६ ला न थांबता पूर्ण होत नसेल तर शेवटची मुव्हमेंट यंदा सोडून द्या, पहिली आणि अँडान्ते वाजवा, आणि आधी सँचोचं मिन्युएट ठेवा. त्यात सेकंडची पहिली दोन बाकं फर्स्टच्या जागी बसवा आणि चाल त्यांना द्या.